पद्मिनी आणि आजची एसयूव्ही : मोजपट्टी घेऊन केलेली तुलना

आत येताना पटांगणात उभ्या असलेल्या दोन गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. एक पांढरी प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या शेजारी टाटा नेक्सॉन. दोन्हींभोवती गर्दी होती, पण खरं सांगायचं तर फोटो सगळे पद्मिनीबरोबरच काढून घेत होते. त्यात नवल नाही. आपल्यापैकी कितीतरी जण लग्नाच्या वरातीत, दवाखान्यात जाताना किंवा मुंबई सेंट्रलहून सामान घेऊन घरी येताना याच गाडीत बसलेले आहेत.

आजचा विषय आम्ही आमच्या मनाने निवडलेला नाही. मागच्या व्याख्यानानंतर एक आजोबा आम्हाला भेटले. त्यांच्याकडे पद्मिनी आहे, चालू स्थितीत आहे, निगा उत्तम आहे. मे महिन्यात नातीला घेऊन तिच्यातून कोकणात जायचं त्यांच्या मनात आहे. मुलगा म्हणतो, नवी एसयूव्ही दारात असताना त्या गाडीतून मुलीला न्यायचं नाही. आजोबा म्हणतात, "त्या पत्र्यावर बुक्की मारून बघा आणि या पत्र्यावर मारून बघा. जुनं ते सोनं." दोघांत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली आहे. त्यांनी आम्हाला विचारलं, कोण बरोबर? आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. तर आज उत्तर द्यायचं आहे. पण आधी दोन्ही गाड्या नीट समजून घेऊ.

दोघी महाराष्ट्राच्याच

या दोन गाड्या निवडल्या त्याला कारण आहे. दोन्ही महाराष्ट्रात बनलेल्या आहेत. पद्मिनी कुर्ल्याची, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगावची. गंमत बघा, रांजणगावच्या कारखान्यात टाटांबरोबर भागीदार आहे ती फियाट, आणि पद्मिनीसुद्धा मुळात फियाटच. इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० या गाडीची ही पुढची आवृत्ती. आपल्याकडे १९६४ पासून ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनू लागली. सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली, आणि विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली. म्हणजे साधारण तीन पिढ्यांनी एकच गाडी चालवली. लोक अर्थात शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणत राहिले.

मुंबईत तिची काळी-पिवळी टॅक्सी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. नेक्सॉन बाजारात आली २०१७ मध्ये. तेव्हा पाच-सहा वर्षं या दोघी मुंबईच्या एकाच सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आहेत.

आता मोजपट्टी काढू

लांबी किती वाटते? बहुतेक जण म्हणतात, एसयूव्ही बरीच मोठी असणार. पद्मिनी आहे सुमारे ३.९३ मीटर. आजची नेक्सॉन ३.९९५ मीटर. फरक साडेसहा सेंटिमीटर! आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा कमी.

हा योगायोग नाही, निदान नेक्सॉनच्या बाजूने तरी नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर कमी केला. छोटी म्हणजे कोणती? चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसीपर्यंतची. म्हणून आपल्याकडे कितीतरी गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबते. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी आहे ते त्यामुळेच. एक सीसी इकडे तिकडे नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. म्हणजे लांबी जवळपास सारखी, इंजिनाचा आकारही जवळपास सारखा.

मग फरक कुठे आहे? पट्टी आडवी धरा. पद्मिनी १.४६ मीटर रुंद, नेक्सॉन १.८० मीटर. चौतीस सेंटिमीटर, म्हणजे फुटापेक्षा जास्त. उंचीत पंधरा सेंटिमीटरचा फरक. आणि वजन? पद्मिनी ८९५ किलो, नेक्सॉन सव्वाबाराशे किलोच्या वर. मधला फरक म्हणजे पाच मोठी माणसं. नवी गाडी रिकामी असते तेव्हाच जुन्या गाडीत पाच जण बसल्याइतकी जड असते.

आणखी एक माप घ्या. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर. पद्मिनीचं २.३४ मीटर, नेक्सॉनचं जवळजवळ २.५०. एकूण लांबी सारखी असून चाकं सोळा सेंटिमीटर लांब कशी गेली? पद्मिनीचं इंजिन उभं बसवलेलं आहे आणि ओढ मागच्या चाकांना. इंजिनातून निघालेला लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायाशी जो उंचवटा येत असे, तो त्या शाफ्टसाठी. नेक्सॉनचं इंजिन आडवं आहे आणि ओढ पुढच्याच चाकांना. शाफ्ट गेला, इंजिनाची जागा आखूड झाली आणि वाचलेली जागा माणसांना मिळाली.

इथे एक गैरसमज दूर करू. एसयूव्ही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जीप येते, खाली लोखंडी चौकट आणि वर बॉडी. नेक्सॉन तशी नाही. तिची बॉडी हीच तिची चौकट आहे आणि चारही चाकांना ओढ नाही. उंच केलेली कुटुंबाची गाडी असं म्हणा. आणि पद्मिनीचीही बॉडी हीच चौकट आहे! १९५३ च्या मूळ फियाटपासून ते तसंच होतं. त्या बाबतीत आजीबाई काळाच्या पुढेच होत्या.

चाळीस घोडे आणि एकशेवीस घोडे

पद्मिनीचं इंजिन साधारण चाळीस अश्वशक्तीचं. नेक्सॉनचं एकशेवीस. इंजिनाचा आकार दहा टक्क्यांनी वाढला आणि ताकद तिप्पट झाली. ही कशी?

इंजिन म्हणजे हवा आणि पेट्रोल जाळणारी भट्टी. जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल जाळायला हवं आणि त्यासाठी जास्त हवा हवी. पद्मिनी आपल्या श्वासाने येईल तेवढीच हवा घेते. नेक्सॉनमध्ये टर्बो आहे. धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, तो हवा दाबून आत ढकलतो. भट्टीला भाता लावल्यासारखं.

दुसरा फरक मोजमापाचा. पद्मिनीत पेट्रोल मिसळतो कार्ब्युरेटर. हवा वाहताना एका बारीक छिद्रातून पेट्रोल ओढून घेते. थंडीत चोक ओढायचा, घाटात थोडं वेगळं वागायचं, हे सगळं चालवणाऱ्याच्या हाताला आणि कानाला कळावं लागे. नव्या गाडीत हे काम संगणक करतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे एक सेन्सर सतत सांगत असतो आणि त्यावरून पेट्रोलची मात्रा ठरते.

यात आपल्या फुप्फुसांचा संबंध येतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला एक याच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. कार्ब्युरेटरला ते प्रमाण क्षणोक्षणी सांभाळणं जमत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये शिसं असेल तर कन्व्हर्टर निकामी होतो, आणि आपल्या देशात शिसं असलेलं पेट्रोल २००० सालापर्यंत होतंच. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. पद्मिनीच्या मागे उभं राहिल्यावर जो 'पेट्रोलचा वास' येतो आणि आपल्याला बालपण आठवतं, तो वास म्हणजे न जळलेलं इंधन आहे, मंडळी. आठवण गोड आहे, वायू नाही.

पत्र्याची बुक्की

आता आजोबांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. पत्रा.

नवीन गाडीला रिक्षा जरी घासली तरी बंपर चेपतो. जुन्या गाडीला काही होत नसे. हे खरं आहे. पण यावरून आपण जो निष्कर्ष काढतो, तो उलटा आहे. हिशोब करून बघू.

गाडी ताशी ६४ किलोमीटरने चालली आहे. हाच वेग का, तर ग्लोबल एनकॅपच्या समोरून धडकेच्या चाचणीत तो असतो. सेकंदाला पावणेअठरा मीटर. हा वेग म्हणजे सोळा मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीवर आपटण्याचा वेग. साधारण पाचव्या मजल्यावरून. आता प्रश्न असा की पाचव्या मजल्यावरून पडायचंच असेल तर खाली फरशी हवी की गवताची गंजी?

गवताची गंजी काय करते? थांबायला जागा देते. गाडीचं नाक साठ सेंटिमीटर चेपलं आणि तेवढ्या अंतरात गाडी सारख्या दाबाने थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सत्तावीस पट जोर येतो. तेच नाक ताठ राहिलं आणि वीस सेंटिमीटरमध्ये थांबावं लागलं, तर ऐंशी पट. म्हणजे पुढचा भाग चेपतो तो गाडीचा दुबळेपणा नाही, तो मुद्दाम चेपायला बनवलेला असतो. गाडी स्वतः मोडते, म्हणून माणूस मोडत नाही. आणि माणूस बसतो तो मधला पिंजरा मात्र अत्यंत कडक पोलादाचा असतो, तो चेपू द्यायचा नसतो. पुढचं मऊ, मधलं कठीण. नारळ आठवा. बाहेर सोडण, आत करवंटी. झाडावरून पडला तरी फुटत नाही तो सोडणामुळे.

जुन्या गाड्यांमध्ये ही विभागणी नसे. पुढचं ताठ आणि मधलं त्या मानाने कच्चं. शिवाय बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगचा दांडा सरळ पुढे गेलेला. नाक आत आलं की दांडा चालकाच्या छातीवर.

'हे सगळं कागदावरचं' असं कुणाला वाटेल. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २००९ साली ते प्रत्यक्ष करून दाखवलं. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू, एकाच कंपनीच्या, पन्नास वर्षांचं अंतर. दोन्ही ताशी चौसष्टच्या सुमाराला समोरासमोर आदळवल्या. बेल एअर म्हणजे केवढी गाडी! लांबलचक, जाड पत्र्याची, क्रोमने मढवलेली. त्या गाडीची चालकाची जागाच उरली नाही. तिथे खरा माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूच्या चालकाला पायाची दुखापत झाली असती. ही चित्रफीत इंटरनेटवर आहे. जरूर बघा, पण जेवणाआधी नको.

पद्मिनी जेव्हा बनत होती तेव्हा आपल्याकडे आजच्यासारखी समोरून धडकेची चाचणी सक्तीचीच नव्हती. ती नव्या मॉडेलांना २०१७ च्या ऑक्टोबरपासून लागू झाली. त्यामुळे पद्मिनीच्या इंजिनीअरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. नेक्सॉनला विचारला गेला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. तो जास्तीचा फूटभर रुंदपणा आठवा. त्यातला बराच भाग आतल्या जागेला मिळाला, पण जाड दारं, दारांतले आडवे पोलादी दांडे, जाड खांब यांनाही मिळाला. वाढलेलं वजनही काही अंशी तिथेच गेलं आहे.

पण नवी गाडी फुकट सुरक्षा देत नाही

आता मुलगा खूश झाला असेल. थांबा. त्यालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट. सत्तावीस पट जोर हा आकडा आम्ही सांगितला तो गाडी नीट चेपली तर. आता दहा किलोचं मूल मांडीवर घेऊन कुणी पुढे बसलं आहे. धडकेच्या क्षणी ते मूल २७० किलोचं झालं. जगात कुणाच्या हातात एवढी ताकद आहे? आईच्याही नाही. पाच ताऱ्यांच्या गाडीत मांडीवरचं मूल शून्य ताऱ्यांच्या गाडीत बसलेलं असतं. आणि पुढच्या एअरबॅगसमोर असेल तर ती एअरबॅगच त्याला इजा करेल. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसणाऱ्यांचंही तसंच. पट्टा नसेल तर चेपणाऱ्या नाकाचा फायदा त्यांना मिळतच नाही. गाडी थांबते, ते थांबत नाहीत, ते पुढच्या सीटवर जाऊन थांबतात. म्हणून पट्टा आणि मुलांची खास सीट ही आधी, तारे नंतर.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. आपण आत बसणाऱ्याचा विचार केला. बाहेरच्याचं काय? आपल्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत साधारण पाचातला एक पायी चालणारा असतो. बुटक्या बॉनेटची गाडी माणसाच्या पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सरळ नाकाची गाडी कमरेला, छातीला लागते. मूल असेल तर डोक्याला. आणि माणूस पुढे फेकला जातो, गाडीच्याच वाटेत. आयआयएचएसनेच २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्या गाड्यांचं नाक सुमारे एक मीटरहून उंच होतं, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. त्या अमेरिकेच्या अवाढव्य गाड्या, आपल्या चार मीटरच्या एसयूव्ही तेवढ्या उंच नाहीत. पण दिशा तीच आहे. पद्मिनीचा पोलादी बंपर काही मऊ होता असंही नाही.

शिवाय दिसणं. बाहेर जाल तेव्हा दोन्ही गाड्यांत चालकाच्या जागी बसून बघा. पद्मिनीचे काचेजवळचे खांब बोटभर वाटतात, चारही दिशा मोकळ्या. नव्या गाडीचा खांब गाडी उलटली तरी छप्पर तोलून धरेल इतका जाड असतो, पण वळणावर त्याच्या आड अख्खी मोटरसायकल लपते. घरी एक प्रयोग करा. गाडी बंद ठेवा, हँडब्रेक लावा, चालकाच्या जागी बसा आणि कुणाला तरी पाण्याची बादली बॉनेटपासून एकेक पाऊल पुढे सरकवायला सांगा. बादली कधी दिसते ते मोजा. ती जागा म्हणजे रांगणाऱ्या मुलाची जागा. सोसायटीच्या आवारात गाडी काढताना ती पावलं लक्षात ठेवा.

आणि जागेचाच हिशोब पूर्ण करू. पद्मिनीच्या जागी एसयूव्ही अशा दहा गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर ३.४ मीटर जास्त लागतात. त्यात दोन पद्मिनी मावल्या असत्या. सोसायटीचं आवार मात्र आहे तेवढंच राहिलं.

दुरुस्तीचं थोडं

पद्मिनी बिघडली तर पॉइंट घासायचा, प्लग पुसायचा, कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकायचा. डिकीतल्या चार पान्यांत काम व्हायचं. नव्या गाडीत बॉनेट उघडलं तरी प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि दिवा लागला की स्कॅनर लावल्याशिवाय मेकॅनिकलाही काही कळत नाही. हे नुकसान खरं आहे. एक कसब, एक स्वावलंबन आपण गमावलं. पण हेही आठवा, की पूर्वी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरची वाफ जायची वाट बघत गाड्यांची रांग उभी असे. दुरुस्ती सोपी होती, आणि ती वारंवार करावी लागत होती.

तर आजोबा, उत्तर

मुलगा बरोबर आहे. नातीला कोकणात न्यायचं तर नव्या गाडीतून, मागच्या सीटवर, तिच्या वयाच्या सीटमध्ये पट्ट्याने बांधून. महामार्गावर समोरून येणारं वाहन जुनं-नवं बघून येत नाही. आणि ते आता आपल्या पद्मिनीपेक्षा बरंच जड असतं.

पण मुलाने पद्मिनी विकायची घाई करू नये. ठेवा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करा. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी झाली तर २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, मात्र मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही, हे ध्यानात ठेवा. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना, ताशी तीस-चाळीसने, गावातल्या गावात फिरवा. गाडी बंद करून उभी असताना नातीला पुढच्या लांब सीटवर बसवा. स्टीअरिंगला लावलेला गिअर कसा पडतो ते दाखवा, चोक ओढू द्या, ती छोटी त्रिकोणी काच उघडून वारा कसा आत घ्यायचा ते दाखवा. एसी नसताना माणसं काय युक्त्या करत होती, हे तिला दुसरीकडे कुठे कळणार?

पद्मिनीने आपल्याला जे द्यायचं ते दिलं. आता तिच्याकडून नातीचं रक्षण मागू नका, ते तिचं काम कधीच नव्हतं. आणि नव्या गाडीकडून ते मागणार असाल, तर पट्टा लावा आणि बॉनेटसमोर चालणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या नातीकडेही लक्ष ठेवा.

गाड्या अजून तासभर पटांगणात आहेत. बादली आम्ही आणलेली आहे. चला, मोजू या.